कोटाची खळ

मला कोट घ्यायचा आहे ही बातमी काळाचौकीतल्या आमच्या चाळीत पसरायला अकरा मिनिटं लागली. हे मी अंदाजाने सांगत नाही. सतरा वर्षं मी गिरणीच्या टाइम ऑफिसात काढली. कोण किती वाजून किती मिनिटांनी दरवाजातून आत आला हे लिहिणं एवढंच माझं काम होतं, आणि संपात गिरणी बंद पडून वीस महिने झाले तरी माझी नजर आधी घड्याळाकडे जाते. नऊ वाजून चार मिनिटांनी मी ते पत्र ललिताला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवलं. सव्वानऊला वरच्या मजल्यावरचा कुशाबा दारात उभा राहून विचारत होता, "अप्पा, काश्मीरला चाललाय म्हनं?"

काश्मीरला नाही. रस्ते बांधणाऱ्या एका ठेकेदार कंपनीने मला हिमाचलात, रोहतांग घाटाच्या पलीकडे, स्टोअरकीपर म्हणून बोलावलं होतं. हिवाळ्यात तिथला रस्ता बर्फाखाली जातो. मजूर खाली उतरतात, पण कंपनीची यंत्रं आणि डिझेलची पिंपं काही उतरत नाहीत. त्यांच्यापाशी सहा महिने बसायला इंग्रजी लिहिता येणारा एक भरवशाचा माणूस हवा होता आणि ललिताच्या मावसभावाने माझं नाव सुचवलं. मावसभाऊ स्वतः का गेला नाही, हा प्रश्न मी विचारला नाही. माणसाने सासरच्या मंडळींना अडचणीत टाकू नये.

नोकरी हंगामी होती. मार्चअखेर कायम करणार, पण कायम व्हायचं तर आधीच्या नोकरीचा राजीनामा लिहून द्यायचा, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे गिरणीतली सतरा वर्षं, खिडकीजवळचं टेबल, भिंतीवरचं ते मोठं घड्याळ, सगळ्यावर स्वतःच्या हाताने पाणी सोडायचं. गिरणी सुरू होणार असेल तर तो निव्वळ मूर्खपणा. होणार नसेल तर सही न करणं हा त्याहून मोठा मूर्खपणा. गिरणी सुरू होणार की नाही, एवढ्या एका उत्तरावर माझं, ललिताचं आणि दोन मुलींचं पुढचं सगळं अडकलं होतं, आणि ते उत्तर त्या १९८३च्या सप्टेंबरात आख्ख्या गिरणगावात कुणाकडेच नव्हतं.

नाही, एकाकडे होतं. खालच्या मजल्यावरचा बुधाजी साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर होता आणि संपाच्या कमिटीवर आमच्या चाळीचा माणूस होता. पत्राची बातमी ऐकून तोही वर आला. कुशाबाच्या मागे उभा राहून शांतपणे म्हणाला, "अप्पानू, कोट कित्याक व्हयो? गिरण सुरू होतली. दिवाळीच्या आदी."

हे तो गेल्या दिवाळीच्या आधीही म्हणाला होता. मग शिमग्याच्या आधी म्हणाला, पाडव्याच्या आधी म्हणाला. चाळीत कुणी त्याला हसत नसे. हसलो तर आपण का हसलो हे घरी जाऊन बायकोला सांगावं लागेल, अशी प्रत्येकाला धास्ती होती.

पण मी कोटाबद्दल सांगत होतो. पत्रातलं तिसरं कलम असं होतं: उमेदवाराने स्वतःचा उबदार व जलरोधक कोट आणावा. तो शून्य अंशाखालील तापमानात किमान एक तास वापरून पाहिल्याचा दाखला साक्षीदाराच्या सहीनिशी जोडावा. कोट व दाखला प्रत्यक्ष दाखवल्याखेरीज प्रवासाचं तिकीट मिळणार नाही. आदल्या वर्षीचा स्टोअरकीपर गिरगावातला होता. तो पावसाळी रेनकोट आणि बायकोने विणलेला मफलर घेऊन गेला, आणि डिसेंबरात चार माणसांनी त्याला पाठीवर घालून खाली आणला. तेव्हापासून हे कलम.

मी फोर्टातल्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन तिथल्या कारकुनाला नम्रपणे विचारलं, "मुंबईत शून्याखालचं तापमान कुठे मिळतं?"

"फॉर्म दिल्लीहून आलाय," तो म्हणाला. "दिल्लीला मिळत असेल."

"पण उमेदवार मुंबईचा आहे."

"म्हणून तर दाखला मागितलाय." असं म्हणून त्याने डबा उघडला. एक वाजायला अजून सात मिनिटं होती. मी मनातल्या मनात त्याचा अर्धा दिवस कापला.

आता चाळीचा सल्ला. आमच्या चाळीतल्या प्रत्येक घरात कापडात आयुष्य घालवलेला किमान एक माणूस होता. कुणी कापूस पिंजला, कुणी सूत काढलं, कुणी विणलं, कुणी धुतलं. त्यामुळे कोट हा विषय निघाल्यावर मी कुणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, लोकच मला बोलावून सांगत होते. एकच अडचण होती. या सर्वांचं ज्ञान लाँगक्लॉथ, पॉपलिन आणि धोतरजोडी यांच्यापुरतं होतं. थंडी म्हणजे पौषात पहाटे नळावर जाताना खांद्यावर टॉवेल टाकावा लागतो ती, याहून जास्त अनुभव कुणालाच नव्हता. कुशाबा तेवढा साताऱ्याकडला. तो म्हणाला, "कोट न् बिट कशाला? माझं घोंगडं न्या. बापानं त्यात बकरी राखलीत."

मी त्याला समजावलं की स्टोअरकीपर हे जबाबदारीचं पद आहे. घोंगडं पांघरून इंग्रजी पत्रव्यवहार करता येत नाही. कुशाबाला वाईट वाटलं. त्याला एकदा सहा मिनिटं उशिरा आल्याबद्दल मी अर्धा दिवस गैरहजर मांडला होता, तेव्हाही त्याने तसंच तोंड केलं होतं. पण माणूस मनाचा मोठा. दुसऱ्याच दिवशी तो मला रे रोडला घेऊन गेला. तिकडे दारूखान्यात जुन्या बोटी फोडतात आणि त्यांतून निघालेलं सामान रस्त्यावर विकायला येतं. भांडी, दोरखंड, बोटीवरचे संडास, आणि एका दुकानात, पंख्यांच्या ढिगाऱ्यावर पसरलेला, एक कोट.

काय कोट होता! बाहेरून जाड, काळपट हिरवं, हाताला मेणचट लागणारं कापड. आतून करड्या लोकरीचं बोटभर जाड अस्तर. दुकानदार म्हणाला, उत्तरेकडच्या बोटीवरच्या खलाशाचा आहे, बर्फातूनच आलाय. मी तो तिथेच घालून बघितला. खलाशी माझ्याहून हातभर उंच असावा, कारण बाह्या माझ्या बोटांच्या पुढे जाऊन लोंबत होत्या. पण आत इतकं गरम होत होतं की दुकानातल्या आरशात माझा चेहरा लाल झालेला दिसला. आरशातला तो माणूस मला आवडला. घोंगडीवाला दिसत नव्हता. परदेशात काहीतरी जबाबदारीचं काम करून आलेला दिसत होता.

चाळीत आल्यावर परीक्षा झाली. आमच्या नळाला दुपारी चार चाळीसला पाणी येतं. मी कोट घालून नळाखाली उभा राहिलो आणि माझ्यावर ओळीने तीन बादल्या ओतण्यात आल्या. पाणी थेंबाथेंबाने घरंगळून गेलं. आतला सदरा कोरडा ठणठणीत. गॅलरीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ललिताही हसली. पत्र आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, हे मी पाहिलं. चार बावन्न झाले होते. शहाणा माणूस असता तर चार त्रेपन्नला त्याने कोट काढून ट्रंकेत ठेवला असता.

कुशाबाने कोटाची बाही दोन बोटांत धरली. चोळली. नाकाशी नेली. मग जिभेचं टोक लावलं आणि डोळे मिटले. गॅलरीतल्या बायका कठड्यावरून वाकल्या.

"खळ हाय," तो म्हणाला.

ज्यांना गिरणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. त्या खळीमुळे कापड कडक, भरीव आणि दिसायला भारी लागतं. मग धुलाई खात्यात ते सोड्यात उकळून खळ काढतात, तेव्हा खरं कापड दिसतं. कुशाबा धुलाई खात्यात तेवीस वर्षं होता. त्याच्या मते जगातल्या कोणत्याही नव्या कापडात खळ असतेच आणि ती काढल्याशिवाय कापडाबद्दल बोलणं म्हणजे पदर न उचलता मुलगी पसंत करणं.

"अरे, पण पाणी आत आलं नाही ना?" मी म्हटलं.

"आत्ता न्हाय आलं. पानी कापडानं न्हाय अडवलं, खळीनं अडवलं. धा येळा भिजलं की खळ जाईल. मग बर्फात काय करशीला?"

मी आशेने बुधाजीकडे पाहिलं. त्याचा कोटालाच विरोध होता, तेव्हा तो कुशाबाला आडवा जाईल असं मला वाटलं. पण कापडाचा प्रश्न निघाल्यावर त्याचा विरोध कुठे गेला कोण जाणे. त्याने पुढे होऊन कोटाची कड उजेडाकडे धरली, बोटाने धागे चाचपले आणि म्हणाला, "वीण बरी आसा. पण खळ आसा. चोळल्यार कळता."

दोन खात्यांचं एकमत झालं. गिरणीत असं सतरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

गणपती नुकतेच झाले होते. मंडळाचं महाप्रसादाचं मोठं पातेलं अजून मैदानाच्या कोपऱ्यात होतं. तीन दगडांवर ते चढलं. लाकडं आली, धुण्याचा सोडा आला, ढवळायला दोन बांबू आले. आणि मग मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. वीस महिने ही माणसं ओट्यावर बसून होती. बिड्या संपल्या की काडी चघळायची, कुणी विचारलं की "बघू" म्हणायचं. ती उठली. इंजिनखात्यातल्या दोघांनी जाळ धरला, कमी कर, वाढव, असं एकमेकांना न बोलता चालू होतं. बुधाजी कंबरेवर हात ठेवून जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, आवाजात ओरडत होता. कुशाबा बांबूने कोट खाली दाबत होता आणि गुणगुणत होता. आणि त्याने मान वर न करता मला सांगितलं, "अप्पा, टायम बघा. पाऊन तास."

मी टाइम बघायला उभा राहिलो.

खरं सांगायचं तर पाचव्या मिनिटालाच मला कळलं होतं. पाण्यावर मेणाचा तवंग आला होता आणि खळीचं पाणी तसं नसतं, एवढं मलाही समजतं. मी "थांबा" म्हणायला हवं होतं. कोट माझा होता, नोकरी माझी होती, दोन मुली माझ्या होत्या. पण मैदानात त्या वेळी पाळी चालू होती. वीस महिन्यांनी कुणीतरी मला वेळ विचारली होती. मला इतका आनंद झाला होता की जीभच उचलली नाही. पुढे जे झालं त्याचा दोष मी कुशाबाला कधी दिला नाही तो यामुळे.

पंचेचाळीस मिनिटांनी कोट बाहेर काढला. बाहेरचं कापड होतं तेवढंच राहिलं. आतली लोकर मात्र आकसून धाकट्या मुलीच्या परकर-पोलक्यातल्या पोलक्याएवढी झाली आणि तिने कोटाला आतून असा ओढून धरला की तो उभ्या उभ्या कुबडा दिसायला लागला. मी तरी घातला. बादली ओतली. पाणी सरळ आत आलं आणि विजारीतून चपलेत उतरलं.

"बगा," कुशाबा म्हणाला. "म्हनलं नव्हतं, खळ व्हती?" पण त्याचा आवाज बारीक झाला होता. मग तो जिन्यावर जाऊन बसला. बुधाजीने जमलेल्या लोकांना घरी जायला सांगितलं. मला नऊ दिवसांनी निघायचं होतं आणि माझ्यापाशी एक ओला, कुबडा, थंड कोट होता.

रागावली की ललिता भांडी घासते, आणि त्या संध्याकाळी तिने घासलेलीच भांडी पुन्हा घासली. शेवटी म्हणाली, "तुम्हाला जायचंच नाहीय. म्हणून तुम्ही उकळू दिलंत."

मी नाही म्हटलं. पण मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला आणि तो तिने मोजला.

सकाळी सहा दहाला कुशाबा आला. त्याच्या हातात घडी केलेलं घोंगडं होतं. ते ललितापुढे ठेवून म्हणाला, "वैनी, कापा. अस्तर करा."

"भावजी, तुमच्या वडिलांचं आहे ते."

"त्येंला आता कुठं थंडी वाजतीया," कुशाबा म्हणाला. "कापा."

ललिता शिवणकाम करायची. तिने ब्लाउज पुष्कळ शिवले होते, पण घोंगडं कधी नाही. मशीनच्या दोन सुया मोडल्या, तिसरी टिकली. ज्या वस्तूला मी पदाला न शोभणारी म्हटलं होतं ती आता माझ्या पदाच्या आत शिवली गेली होती. उबेची सोय झाली. राहिलं पाणी.

ते मंजुळाने मिटवलं. मंजुळा शिवडीच्या कोळीवाड्यातली. सकाळी चाळीच्या जिन्यात मासळीची पाटी घेऊन बसायची आणि हा सगळा तमाशा तिने पहिल्यापासून पाहिला होता. ती मला म्हणाली, "तुमी कापरवाले. पान्याची जात तुमाला काय ठावं? कोट द्या हितं. आमचे होरीला जा लावतान, ता लावते. पानी आत शिरला तर मंजुला नाव बदलीन."

होडीला ते मुशी माशाच्या काळजाचं तेल लावतात. हे मला तीन दिवसांनी, कोट आणायला कोळीवाड्यात गेलो तेव्हा, समजलं. तेल चांगलं मुरावं म्हणून तिच्या सासऱ्याने कोट बोंबील वाळवायच्या बांबूंवर, बोंबलांच्याच रांगेत, तीन दिवस उन्हात टांगला होता. पाण्याच्या बाबतीत मंजुळाचा शब्द खरा ठरला. तिने माझ्या देखत त्यावर पाटीतलं पाणी ओतलं, थेंब आत गेला नाही. वासाच्या बाबतीत मी काय सांगू? शिवडीहून काळाचौकीला मी चालत आलो, कारण बसच्या कंडक्टरने मला एकदा पाहिलं आणि घंटी मारली. फुटपाथ माझ्यासाठी मोकळा होत गेला. घरी पोचलो तेव्हा माझ्यामागे सात मांजरं होती. मॅट्रिक झालेल्या, सतरा वर्षं कोऱ्या सदऱ्यात ऑफिसला गेलेल्या माणसाने या परिस्थितीत चेहरा कसा ठेवावा हे कुठे शिकवत नाहीत. मी घड्याळ बघत चालल्यासारखं केलं.

आता राहिला दाखला. मंजुळा ज्या कारखान्यातून बर्फ उचलायची तिथे मासळी ठेवायची थंड खोली होती. तिने शब्द टाकला. कारखान्याचा कारकून भला होता, पण नियमाचा पक्का. पासाशिवाय आत काही सोडता येत नाही, आणि पासावर मालाचे चारच प्रकार छापलेले: पापलेट, सुरमई, कोळंबी, इतर. त्याने बराच विचार करून माझ्यासाठी 'इतर'वर खूण केली. नग, एक. साक्षीदार म्हणून बुधाजी माझ्याबरोबर आला होता. त्याच्यासाठी आणखी एक 'इतर'. तो का आला हे मला कळलं नव्हतं. बरोबर यायला मी विचारलं होतं कुशाबाला. पण निघताना बुधाजीच चप्पल घालून खाली उभा होता.

दार बंद झालं. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. चारी बाजूंना बर्फाच्या लाद्या आणि मासळीच्या पाट्या. मला आत काही वाटत नव्हतं, नाक सोडून. घोंगडं आपलं काम करत होतं. बुधाजीच्या अंगावर सदरा आणि वरून बारदान. दहा मिनिटांत त्याचे दात वाजायला लागले.

"तुम्ही बाहेर थांबा," मी म्हटलं. "अंगठा नंतर लावा."

"साक्षीदार म्हणान इलंय. माका काय होणा नाय."

पुढची पंधरा मिनिटं मी घड्याळ बघत होतो आणि तो हात चोळत होता. तिथे ऐकायला कुणी नव्हतं. चाळीत भिंतीला भिंत असते, मोठ्याने श्वास घेतला तरी शेजारी विचारतात. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हटलं, "बुधाजी, इथे आपण दोघंच आहोत. खरं सांगा. गिरणी सुरू होणार का? मार्चमध्ये मला सही करायची आहे. मी चुकलो तर मुली रस्त्यावर येतील."

त्याने तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "होतली. दिवाळीनंतर."

'आधी'चं 'नंतर' झालं. एवढाच फरक. मी कोटाची बटणं सोडली आणि एक बाजू त्याच्या खांद्यावरून घेतली. खलाशी मोठा होता हे त्या दिवशी कामाला आलं. आम्ही दोघं एका कोटात पस्तीस मिनिटं उभे राहिलो. ज्या माणसाला मी तेवीस वेळा उशिरा मांडला होता तो माझ्या काखेत कुडकुडत होता, आणि मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

तीन वीसला दार उघडलं. कारकुनाने दाखला लिहून दिला, साक्षीदार म्हणून बुधाजीचा अंगठा घेतला आणि शिक्का मारला. त्याच्याकडे एकच शिक्का होता: 'माल ताजा व खाण्यायोग्य'. फोर्टातल्या कारकुनाने नाकाला रुमाल लावून तो दाखला वाचला, उलटून पाहिला आणि शिक्का आहे एवढी खात्री करून फाइलला लावला. तिकीट त्याने मला काठीने ढकलल्यासारखं टेबलावरून सरकवून दिलं.

निघायच्या दिवशी सगळी चाळ खाली आली. कोट ट्रंकेत तसाच ठेवला तर डब्यातली माणसं ट्रंक खिडकीतून टाकतील म्हणून ललिताने तो मेणकापडात तीनदा गुंडाळला होता. कुशाबाने पायाला हात लावायचा प्रयत्न केला, मी त्याला उठवून मिठी मारली. मुली रडत होत्या. तेवढ्यात बुधाजी पुढे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गिरण सुरू झाली काय मी तार करतलंय. तार येयसर खय सही करू नकात."

तार येईपर्यंत सही नाही, यावर लोकांनी माना हलवल्या. मलाही बरं वाटलं. टॅक्सीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी राजीनाम्याचा निर्णय आता त्याच्यावर सोडून दिला होता.

हिवाळ्याबद्दल फार सांगत नाही. कोट टिकला. डिसेंबरात वारा सुटला तेव्हा वासही जरा दबला, किंवा माझं नाक मेलं. दिवाळी गेली. संक्रांत गेली. मी रोज दुपारी पोस्टापर्यंत बर्फातून चालत जायचो आणि पोस्टमास्तर मला पाहून लांबूनच मान हलवायचे. मार्चच्या मध्यावर कंपनीची कागदं आली. कायम करण्याचा फॉर्म आणि त्याला टाचलेला कोरा राजीनामा. महिनाअखेरीच्या आत सही करून परत पाठवा. मी ते टेबलावर ठेवले आणि रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ पुसत राहिलो. तार आली नव्हती. म्हणजे गिरणी सुरू झाली नव्हती, किंवा झाली होती आणि तार कुठेतरी बर्फात अडकली होती. हे दोन्ही मी आलटून पालटून रोज खरं धरायचो.

अठ्ठावीस तारखेला पोस्टमास्तर स्वतः चालत आले. "बंबई से तार है।"

मला खिडकीजवळचं टेबल दिसलं, भोंगा ऐकू आला, दरवाजातून आत येणारी माणसं दिसली. मी मनातल्या मनात परत निघालोसुद्धा होतो. मग तार उघडली. इंग्रजीत होती. गिरणी सुरू होणार नाही. वाट बघू नका. सही करा. बुधाजी.

पोस्टमास्तर माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "साहब, कुछ हो जाए तो लोग तार भेजते हैं। नहीं हुआ, इसका तार मैंने पहली बार देखा।"

मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि त्यांच्यासमोर सही केली. ते गेल्यावर मी बराच वेळ रडलो.

ललिताचं पत्र एप्रिलात आलं. तिने लिहिलं होतं: 'बुधाजी भावजी सकाळी आले आणि म्हणाले, वैनी, एक तार लिहून द्या. मी पेन घेऊन बसले. चहा केला, तो थंड झाला. मी म्हटलं, नंतर येता का? तर म्हणाले, नाही, आताच. मग त्यांनी ते सांगितलं. लिहून झाल्यावर म्हणाले, मराठीत मोठ्याने वाचा. मी म्हटलं, दार उघडं आहे, बाहेर ऐकू जाईल. तर म्हणाले, म्हणूनच. मी वाचलं. बाहेर गॅलरीत सगळे येऊन उभे राहिले. कुशाबा भावजी म्हणाले, अजून एकदा वाचा. मी दुसऱ्यांदा वाचलं. सगळे आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीतली नऊ माणसं काम शोधायला बाहेर पडली. सगळ्यांत पुढे बुधाजी भावजी होते.'